ताईचं कोपर

ताईच्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या होत्या. खिडकीजवळची ताईची आणि आतली, बेसिनला लागून असलेली, तिच्या धाकट्या बहिणीची. खिडकीजवळ उजेड छान पडायचा. शिवाय रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोण बसलंय ते दिसायचं, आणि आपण खुद्द ताईकडून केस करून घेतोय हे चार लोकांनी पाहिलं की गिऱ्हाईक बाईलाही बरं वाटायचं. धाकटीला सगळे छोटी म्हणत. आता ती काही छोटी राहिली नव्हती, चष्मा लागला होता, लेक कॉलेजात जात होती. पण आई लवकर गेल्यावर तिच्या वेण्या घालण्यापासून तिच्या हातात कात्री देण्यापर्यंत सगळं ताईनेच केलेलं, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

ताईचं नाव होतं ते ब्लो ड्रायसाठी. उजव्या हातात गोल ब्रश, डाव्या हातात ड्रायर. बट ब्रशवर गुंडाळायची, मनगट वळवून ताणायची आणि अलगद सोडायची. तिच्या हातून सुटलेली बट खांद्यावर अशी येऊन बसायची की बायका आरशात स्वतःकडेच चोरून बघायच्या. छोटीचा हातही वाईट नव्हता, पण तिच्या ब्लो ड्रायला दुसऱ्या दिवशी सकाळी जीव राहत नाही, असं ताईचं मत होतं. हे मत ती कोणाला बोलून दाखवत नसे. कोणी छोटीचं कौतुक केलं की फक्त "शिकतेय" म्हणायची.

एका सकाळी शांपूचा मोठा कॅन फळीवरून उतरवताना ताईच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाड टोचतं तिथे, कळ आली. तिने कॅन खाली ठेवला, हात झटकला आणि कामाला लागली. मग ती कळ मुक्कामालाच आली. कुलपात किल्ली फिरवताना यायची, ओला टॉवेल पिळताना यायची, कपबशी उचलतानासुद्धा यायची. बाम झाला, गरम पाण्याची पिशवी झाली, क्रेप बँडेज झालं. नवरा म्हणाला, तू हात उशीखाली घेऊन झोपतेस, त्यानेच आखडला असणार. त्याच्या सगळ्या रोगनिदानांत उशी असायचीच, म्हणून ताईने ते मनावर घेतलं नाही. पण ब्रश धरून मनगट वळवणं जेव्हा अशक्य झालं, तेव्हा तिला छोटीला सांगावं लागलं की काही दिवस ब्लो ड्राय तू कर, मी कटिंग आणि कलर बघते.

मोठ्या ड्रायरचा प्लग खिडकीपाशीच होता. म्हणून छोटी खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली आणि ताई आत, बेसिनपाशी आली.

इतकं साधं झालं होतं. यात कोणाची काही चूक नव्हती, हे ताईला कळत होतं. पण कळून उपयोग काय? बेसिनपाशी उभी राहून कोणाच्या तरी मुळांना कलर लावताना तिचे कान सारखे खिडकीकडे असायचे. छोटीच्या खुर्चीत बायका हसायच्या. ताईच्या खुर्चीत त्या कधी अशा हसल्या नव्हत्या. ताईसमोर त्या शाळेत बसल्यासारख्या ताठ बसायच्या, आणि त्याचा तिला इतकी वर्षं अभिमान वाटत आलेला. आता तिला वाटायला लागलं, बायकांना मी नकोच होते की काय? फोन वाजला की पूर्वी विचारणा व्हायची, ताई मोकळ्या आहेत का. आता विचारणा व्हायची, छोटी आहे का. ताई "आहे" म्हणायची आणि फोन जरा जोरातच ठेवायची.

यात सगळ्यात जिव्हारी लागलं ते हेडबाईंचं. हेडबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दर आठवड्याला यायच्या, केस पांढरेशुभ्र आणि अजून दाट. बोलायच्या कमी, स्तुती तर कधीच नाही. काम झालं की आरशात डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा बघायचं, पर्स उचलायची आणि निघायचं. ताईने त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायला कितीतरी वर्षं घालवली होती. त्या दिवशी छोटीने त्यांचे केस केले. त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाल्या, "छान झालंय."

दोनच शब्द. ताईच्या हातातला कलरचा ब्रश वाटीत तसाच राहिला. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं की हेडबाईंची नजर आता अधू झाली आहे, बिचाऱ्यांना दिसत नाही नीट.

त्याच सुमारास एका लग्नाचं काम आलं. नवरी, तिच्या बहिणी, मावश्या, सगळ्यांचे केस एका सकाळी करायचे होते. नवरीची आई ताईची जुनी गिऱ्हाईक, पण फोनवर तीही म्हणाली, तुमचा हात दुखतोय ना, छोटीला पाठवलं तरी चालेल. ताई म्हणाली, हात अगदी ठणठणीत आहे, मीच येणार. मग फोन ठेवून थेट डॉक्टरकडे गेली आणि इंजेक्शनसाठी हटून बसली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की याने दुखणं दबेल पण मूळ बरं होणार नाही, इंजेक्शननंतर हाताला जपलं नाही तर पुढे जास्त त्रास होऊ शकतो, त्यापेक्षा आधी फिजिओकडे जा. ताईने त्यातलं "दुखणं दबेल" एवढंच ऐकलं आणि इंजेक्शन घेऊनच उठली.

आणि खरंच दबलं. थोड्याच दिवसांत हात असा हलका झाला की जणू काही झालंच नव्हतं. लग्नाच्या सकाळी छोटी मदतीला यायला निघाली होती, तिला ताईने पार्लर कोण उघडणार म्हणून मागेच ठेवलं. एकामागून एक अशी सगळी डोकी तिने एकटीने केली. मावश्यांनी वाहवा केली. परत येताना ती रस्त्याने चालत होती ती मिरवल्यासारखी. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने आपला ब्रश, आपला कंगवा आणि आपला ॲप्रन खिडकीजवळच्या आरशापाशी नेऊन ठेवला. छोटीने आपलं सामान आत हलवलं.

महिनाभर ताई राणी होती. मग कळ परत आली, आणि आली ती सव्याज. पण आता सांगणार कोणत्या तोंडाने? ती दात आवळून काम करत राहिली. ब्रश डाव्या हातात घे, कोपर अंगाला चिकटवून ठेव, गिऱ्हाइकाची मान वाकडी कर, असले सगळे प्रकार करून पाहिले. छोटीने दोनदा विचारलं, ताई, दुखतंय का. दोन्ही वेळा ती म्हणाली, तुला काय करायचंय.

हेडबाई आल्या त्या दिवशी त्या सवयीने छोटीच्या खुर्चीकडे वळल्या होत्या. ताईने त्यांना जवळजवळ हात धरूनच खिडकीशी आणून बसवलं. अर्धं डोकं झालं होतं. उजव्या हाताने जीव सोडला होता, म्हणून तिने ब्रश डावीकडे आणि ड्रायर उजवीकडे घेतला होता. मानेवरची बट ताणताना उजव्या कोपरात अशी काही सणक गेली की मूठ आपोआप उघडली आणि चालू ड्रायर हेडबाईंच्या मानेला घासून त्यांच्या मांडीवर पडला. ब्रश केसांत अडकून तसाच लोंबत राहिला. छोटी धावत आली, तिने आधी प्लग काढला, मग ओला टॉवेल मानेवर धरला. भाजलं थोडंसंच होतं, लाल पट्टा उठला होता. हेडबाई ओरडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आरशातून ताईकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "राहिलेलं छोटीला करू दे."

ताई मागच्या खोलीत जाऊन टॉवेलांच्या ढिगाऱ्याशेजारी बसली. तिला रडू कोपराचं आलं की त्या वाक्याचं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नवरा तिला फिजिओकडे घेऊन गेला. वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर फिजिओची खोली होती. भिंतीवर रंगीत रबरी पट्टे टांगलेले, कोपऱ्यात छोटी छोटी वजनं. फिजिओ तरुण होती, पण तिचं बोट नेमकं जिथे दुखत होतं तिथेच पडलं आणि ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने हात सरळ करायला लावला, मनगट वर उचलून धरायला सांगितलं आणि वरून दाबलं. ताईला ते धरवेना. मधलं बोट दाबलं, तरी कळ कोपरात. ताईला नवल वाटलं, बोट इथे आणि दुखणं तिथे.

फिजिओने सांगितलं की मनगट वर उचलणारे आणि मूठ घट्ट धरायला मदत करणारे स्नायू याच हाडाला येऊन चिकटतात, एका जाड दोरासारख्या भागाने. तुम्ही काही पकडलंत की तो दोर ताणला जातो, आणि तुम्ही तर वर्षानुवर्षं दिवसभर ब्रश पकडून ताणच देत आलात. मग म्हणाली, "तुमच्याच कामातलं सांगते. केस रोज ताणले, रोज तापवले की त्यांची टोकं फुटतात ना? तसे या दोराचे धागे विस्कटलेत. सूज म्हणावी तर फारशी नाही, झीज आहे. पण केस मेलेला असतो, तुम्ही कापून टाकता. हा दोर जिवंत आहे. याला परत बांधता येतं."

"मग विश्रांती घ्यायची?" ताईने विचारलं.

"नुसती विश्रांती घेतलीत तर तो आणखी कमजोर होईल. जास्त काम दिलंत तर आणखी विस्कटेल. त्याला थोडं थोडं ओझं द्यायचं, त्याला झेपेल इतकंच, आणि रोज."

व्यायाम बघून ताईला हसूच आलं. पहिले काही दिवस नुसतं मनगट टेबलावर स्थिर धरून दुसऱ्या हाताने त्यावर दाबायचं, हलवायचं नाही. मग पाण्याची छोटी बाटली हातात धरून, तळवा खाली, मनगट अगदी सावकाश खाली सोडायचं. वर आणताना दुसऱ्या हाताची मदत घ्यायची. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं असेल तर जास्त झालं असं समजायचं. काम करताना कोपराच्या जरा खाली एक पट्टा बांधायचा. जड वस्तू उचलताना तळवा वर करायचा. आणि हे सगळं महिनोन् महिने.

महिनोन् महिने हा शब्द ताईच्या घशाखाली उतरेना. पार्लरमध्ये छोटी परत खिडकीजवळ गेली होती आणि ताई गल्ला, फोन आणि मुळांचा कलर यांवर आली होती. छोटीने आरशाच्या कडेला आपल्या लेकीचा फोटो लावला. तो फोटो ताईच्या डोळ्यांत असा खुपला की घरी जाऊन तिने बाटलीऐवजी वरवंट्याएवढं जड लोखंडी वजन घेतलं आणि सांगितल्याच्या दुप्पट व्यायाम केला. छोटीने एक डोकं केलं की मी व्यायामाची एक फेरी जास्त करीन, असा तिचा हिशेब. चारच दिवसांत हात इतका ठणकायला लागला की भाताचा चमचा धरवेना.

फिजिओने हात तपासला आणि विचारलं की घाई कसली आहे. ताई म्हणाली, काम अडलंय. फिजिओ म्हणाली, काम तर बहीण करते म्हणालात. त्यावर ताईने हाताचा पट्टा सोडला आणि परत बांधला. दोर विस्कटलाय हे सांगता येतं. आतून काय विस्कटलंय ते कोणाला सांगायचं?

परत पहिल्यापासून सुरुवात झाली. या खेपेला मात्र ती सांगितलं तेवढंच करू लागली, कारण दुसरा इलाजच नव्हता. हळूहळू किल्ली फिरवता यायला लागली, टॉवेल पिळता यायला लागला. आणि बेसिनपाशी उभं राहून दिवसभर छोटीकडे बघण्याची सवय लागलेल्या तिच्या नजरेला एक दिवस काहीतरी दिसलं.

छोटीने दरवाजा डाव्या हाताने उघडला. मग शांपूचा कॅन उतरवताना उजवा हात खालून लावला. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ती आरशाकडे पाठ करून कोपर चोळत होती, कोणाला दिसू नये अशा बेताने.

ताईला ताबडतोब कळलं. जगात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं इतकं स्पष्ट कळलं. आणि तिला जे पहिलं वाटलं, ते चांगलं नव्हतं. तिच्या पोटात गार वाटलं. घे, बस आता खिडकीजवळ, असं मनातल्या मनात तिने म्हटलं. दोन बायकांचं काम एकटीने ओढल्यावर दुसरं काय होणार? त्या दिवशी ती पार्लरमध्ये गुणगुणत होती. नवरा रात्री म्हणाला, आज कोपर बरं दिसतंय. ती म्हणाली, हो, खूपच बरं आहे.

ती गप्प राहिली. एक दिवस, दोन दिवस, मग आठवडा उलटला. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. रोज खिडकीकडून हसण्याचा आवाज यायचा आणि ती म्हणायची, उद्या. पण ते गार वाटणंही टिकेना. छोटी ब्रश वळवताना ओठ आत घ्यायची, लहानपणी ताप आला की घ्यायची तसेच. ताईला तो चेहरा पाठ होता. त्या चेहऱ्याच्या उशाशी ती बसलेली होती. आता रात्री व्यायाम करताना बाटली खाली सोडली की तिला आपलं मनगट दिसायचं नाही, छोटीचं दिसायचं.

एका संध्याकाळी पार्लर बंद करताना छोटी टॉवेल पिळत होती. मध्येच तिने हात सोडला आणि टॉवेल बादलीत पडला. ताईने जाऊन तो उचलला, स्वतः पिळला आणि दोरीवर टाकला. मग छोटीला खुर्चीत बसवलं, तिचा हात सरळ केला आणि मधलं बोट दाबलं. छोटी कळवळली.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"तुझं परत वाढलं तेव्हापासून. बोलले असते तर पार्लर बंद ठेवावं लागलं असतं. आणि तुला वाटलं असतं, तुझी नक्कल करतेय."

छोटी तिच्याकडे बघत होती. "तुला माहीत होतं ना?" तिने विचारलं. "मघाशी सरळ बोटच दाबलंस."

"हो," ताई म्हणाली. "आठवडा झाला."

छोटीने हात सोडवून घेतला. बाहेर कोणीतरी शटर ओढलं त्याचा आवाज आला. मग छोटी आरशावरचा लेकीचा फोटो नीट करत, पाठमोरीच म्हणाली, "तुझा हात पहिल्यांदा गेला ना, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, ताई. वाईट वाटलं, पण आधी बरं वाटलं. इतकी वर्षं त्या बेसिनचा वास घेऊन काढलीत मी."

ताईला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट मोठं ओझं कोणीतरी दुसऱ्या टोकाने उचलल्यासारखं झालं. ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चल फिजिओकडे. आणि बेसिनचा वास मलाही आता कळलाय."

मग पार्लरचं बरंच बदललं. फिजिओ स्वतः येऊन बघून गेली. खुर्च्या खाली घेतल्या म्हणजे कोपर खांद्याच्या वर जाणार नाही. जड लोखंडी मुठीचे ब्रश गेले, हलके आणि जाड मुठीचे आले, म्हणजे आवळून धरायला नको. ड्रायर अडकवायचा स्टँड आला. आणि बहिणींनी आपसात ठरवलं की ब्लो ड्राय लागोपाठ कोणीच करायचे नाहीत, एक झाला की मध्ये कटिंग किंवा कलर. जिच्याकडे कात्री ती बेसिनकडे, जिच्याकडे ब्रश ती खिडकीकडे. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी दोघी जागा बदलायच्या आणि गिऱ्हाइकं गोंधळायची. एकीने तक्रार केली की मला ताईच पाहिजे. ते ऐकून ताईला दिवसभर बरं वाटलं. हेडबाईंनी मात्र छोटीला सोडलं नाही, आणि ते ताईला दर आठवड्याला टोचत राहिलं.

छोटीचं दुखणं वेळेत सापडलं होतं. मधे इंजेक्शन नव्हतं, हट्ट नव्हता, लोखंडी वजन नव्हतं. सांगितलं तेवढं ती करत गेली आणि दीड महिन्यात तिचा हात सुधारला. फिजिओने तिला सांगितलं की आता यायची गरज नाही, व्यायाम मात्र घरी चालू ठेव. ताईचं अजून चालूच होतं. घरी जाताना छोटी पिशवी उजव्या हातात घेऊन झुलवत चालली होती आणि ताई पट्टा बांधून शेजारून चालत होती. तिच्या मनात आलं, हिचं सगळंच सोपं. मग स्वतःलाच हसू आलं, आणि छोटीने काय झालं विचारलं तर ती म्हणाली, काही नाही.

पुढच्या खेपेला ताई फिजिओकडे एकटीच गेली. फिजिओने कपाटातून एक यंत्र काढलं, त्याची मूठ आवळली की पकडीत किती जोर आहे ते तबकडीवर दिसायचं. ताईने हात सरळ करून मूठ आवळली. काटा बराच वर गेला. फिजिओ खूश झाली. म्हणाली, सुरुवातीला याच्या निम्मंही नसतं झालं तुमच्याकडून.

ताईने काट्याकडे बघितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "छोटीचा किती आला होता?"

फिजिओ हसली. म्हणाली, एकाचा आकडा मी दुसऱ्याला सांगत नाही.

ताई म्हणाली, बरोबर आहे, सांगूच नये. मग यंत्र परत देण्यासाठी पुढे केलेला हात तिने मागे घेतला, खांदा सैल सोडला, शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला आणि अजून एकदा मूठ आवळली.